एसक्यूएलची पायाभूत चाचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीसाठी मुलाखत घेणारे, कॉलेजात प्रात्यक्षिक घेणारे आणि अशा चाचणीला बसणारे, या सगळ्यांसाठी हे पान आहे. एसक्यूएल या भाषेतल्या क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर चालवताना सिलेक्ट, फ्रॉम, जॉइन हे शब्द आणि आकडेही रोमन टंकावे लागतात, कारण देवनागरी '५' हा डेटाबेसला आकडा वाटत नाही. टेबल आणि कॉलमची नावं मात्र मधे जागा न सोडता देवनागरीत दिली, तरी पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट हे डेटाबेस ती स्वीकारतात.

चाचणीत नेमकं काय तपासायचं?

'प्रायमरी की म्हणजे काय?' या प्रश्नाचं उत्तर ('टेबलातला प्रत्येक रो, म्हणजे ओळ, वेगळा ओळखणारे कॉलम') पाठ करून देता येतं. त्यातून उमेदवाराचा अभ्यास कळतो, पण उद्या त्याच्या हातात खरा डेटा दिला तर काय होईल हे कळत नाही. आमच्या मते सगळ्यात उपयोगी प्रश्न असा असतो: हाताने मोजता येईल इतका छोटा डेटा द्यायचा, त्यावर एक क्वेरी द्यायची आणि ती न चालवता विचारायचं, 'किती रो येतील? कोणते?'

डेटा अगदी स्वच्छ असेल, तर चुकीची क्वेरीसुद्धा बरोबर उत्तर देते. म्हणून त्यात मुद्दाम खाचखळगे ठेवावे लागतात. एखादी जागा रिकामी हवी, एखादा सभासद दुसऱ्या टेबलात अजिबात नसलेला हवा, कुठेतरी बरोबरी हवी आणि कुठेतरी एकाच्या दोन नोंदी हव्यात.

नमुन्याचा डेटा कसा असावा?

विषय सगळ्यांना माहीत असलेला घ्यावा, म्हणजे वेळ विषय समजून घेण्यात जात नाही. खाली गावच्या दूध संकलन केंद्राचा डेटा घेतला आहे. पुढचे सगळे प्रश्न यावरच आहेत. 'नल' म्हणजे तिथे काहीच भरलेलं नाही.

सभासद

| क्रमांक | नाव | गाव |
|---|---|---|
| १ | शांताबाई | वडगाव |
| २ | दगडू | वडगाव |
| ३ | रुक्मिणी | पिंपळगाव |
| ४ | बाबूराव | नल |
| ५ | सखाराम | पिंपळगाव |

संकलन

| सभासद | तारीख | सत्र | लिटर | फॅट |
|---|---|---|---|---|
| १ | १ जून | सकाळ | ६ | ४.० |
| १ | १ जून | संध्याकाळ | ४ | ४.५ |
| २ | १ जून | सकाळ | १० | ३.५ |
| २ | २ जून | सकाळ | १० | नल |
| ३ | १ जून | सकाळ | ५ | ६.५ |
| ३ | २ जून | सकाळ | ५ | ६.५ |
| ४ | १ जून | संध्याकाळ | ८ | ४.० |

तिसरं टेबल 'उचल': शांताबाईंच्या दोन उचली, ५०० आणि ३०० रुपये, दगडूची एक, १,००० रुपये. चौथं टेबल 'गावे': वडगाव, पिंपळगाव, निमगाव.

बाबूरावांचं गाव भरलेलं नाही, सखाराम दूध घालत नाही, दगडूच्या २ जूनच्या दुधाचा नमुना तपासलेला नाही आणि निमगावात सभासदच नाही. या चार गोष्टींवर चाचणीचे निम्मे गुण उभे राहतात.

सुरुवातीला कोणता प्रश्न द्यावा?

सोपा वाटणारा, पण दोन मिनिटांत बरंच सांगून जाणारा हा प्रश्न द्या: सिलेक्ट काउंट(*), काउंट(फॅट), काउंट(डिस्टिंक्ट सभासद) फ्रॉम संकलन.

उत्तर: ७, ६, ४. काउंट(*) रो मोजतं, काउंट(फॅट) नल सोडून मोजतं आणि तिसरं वेगवेगळे सभासद मोजतं. ज्याने ७, ७, ५ लिहिलं, त्याला नलही कळलेला नाही आणि क्वेरी कोणत्या टेबलावर चालते आहे तेही कळलेलं नाही. या दोन वेगळ्या चुका आहेत, त्यांचे गुण वेगळे कापावेत.

नलवर इतका भर कशासाठी?

कारण नलमुळे क्वेरी एरर देत नाही, गुपचूप चुकीचं उत्तर देते.

'व्हेअर गाव = वडगाव' याला २ रो येतात. 'व्हेअर गाव <> वडगाव' यालाही २ येतात, रुक्मिणी आणि सखाराम. सभासद पाच आहेत, मग बाबूराव गेले कुठे? नलची कशाशीही तुलना केली की उत्तर 'खरं' किंवा 'खोटं' न येता 'अज्ञात' येतं, आणि व्हेअर फक्त 'खरं' ठरलेले रो पुढे सोडतं. 'गाव = नल' असं लिहिणाऱ्यालाही याच कारणाने शून्य रो मिळतात. तिथे 'इज नल' लिहावं लागतं.

याहून घातक प्रकार नॉट इनचा. 'ज्या गावात एकही सभासद नाही अशी गावं काढा' यावर बहुतेक जण लिहितात: सिलेक्ट गाव फ्रॉम गावे व्हेअर गाव नॉट इन (सिलेक्ट गाव फ्रॉम सभासद). अपेक्षित उत्तर निमगाव, पण येतात शून्य रो. आतल्या यादीत बाबूरावांचा नल आहे. 'निमगाव हे नलपेक्षा वेगळं आहे का?' याचं उत्तर अज्ञात, म्हणून पूर्ण अटच कधी खरी ठरत नाही. नॉट एक्झिस्ट्स वापरा, किंवा आतल्या क्वेरीत 'गाव इज नॉट नल' घाला. हा प्रश्न आम्ही कधीच वगळत नाही.

एक इशारा: ओरॅकलमध्ये रिकामी अक्षरमाला हाच नल धरला जातो. बाकीच्या प्रमुख डेटाबेसमध्ये त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जॉइन येतो का, हे कसं ओळखायचं?

जॉइन म्हणजे दोन टेबलांची जोडणी. ती तपासायला गोल काढून 'डावा', 'उजवा' रंगवायला लावू नका. रो मोजायला लावा.

सभासद आणि संकलन यांचा इनर जॉइन केला तर ७ रो. सभासद डावीकडे ठेवून लेफ्ट जॉइन केला तर ८. आठवा रो सखारामचा, त्यात संकलनाचे सगळे कॉलम नल. इथपर्यंत बहुतेकांना जमतं. आता २ जूनची अट घाला. ती 'ऑन'मध्ये लिहिली तर ५ रो येतात: दगडू आणि रुक्मिणी आकड्यांसह, बाकी तिघे नलसह. तीच अट 'व्हेअर'मध्ये लिहिली तर २ रो. कारण व्हेअर जॉइननंतर चालतं, आणि ज्यांची तारीख नल आहे ते तिथे गळतात. लेफ्ट जॉइन लिहूनही तो इनर जॉइनसारखा वागतो. 'काल कोणी दूध घातलं नाही?' अशा रोजच्या अहवालात ही चूक सर्रास सापडते.

याला जोडून विचारा: लेफ्ट जॉइन करून सभासदवार काउंट(*) घेतला, तर सखारामसमोर किती येईल? १ येतो, कारण त्याचा एक रो आहेच, भले तो नलने भरलेला असो. शून्य हवं असेल तर संकलनातला कॉलम मोजा: काउंट(संकलन.सभासद).

दोन जॉइन केल्यावर बेरीज वाढते, ती का?

सभासदवार एकूण लिटर आणि एकूण उचल एकाच क्वेरीत मागा. उमेदवार सभासदला संकलन जोडतो, मग उचल जोडतो आणि दोन्हींची सम घेतो. शांताबाईंचं दूध १० लिटर आणि उचल ८०० रुपये आहे; क्वेरी २० लिटर आणि १,६०० रुपये दाखवते. त्यांच्या संकलनाच्या दोन नोंदी आणि उचलीच्या दोन नोंदी यांचा गुणाकार होऊन चार रो तयार झाले, आणि प्रत्येक आकडा दोनदा मिळवला गेला.

इथे पुष्कळ जण सम(डिस्टिंक्ट लिटर) लावतात. शांताबाईंच्या बाबतीत ६ आणि ४ वेगळे असल्याने उत्तर १० येतं आणि क्वेरी सुधारली असं वाटतं. दगडू मात्र तिचं पितळ उघडं पाडतो: त्याच्या दोन्ही नोंदी १० लिटरच्या, म्हणून २० ऐवजी १० येतात. डेटात दगडूच्या दोन सारख्या नोंदी त्यासाठीच आहेत.

योग्य पद्धत अशी: संकलनाची सभासदवार बेरीज एका उपक्वेरीत करा, उचलीची दुसरीत करा, मग दोन्ही सभासदला लेफ्ट जॉइनने जोडा आणि नलच्या जागी कोअलेसने शून्य आणा. शेवटच्या जॉइनला इनर ठेवलं तर ज्यांनी उचल घेतली नाही ते अहवालातून गायब होतात.

व्हेअर आणि हॅविंग यांतला फरक कसा विचारावा?

'१० लिटर किंवा जास्त' ही अट दोन्हीकडे लावून निकाल विचारा. व्हेअर लिटर >= १० मध्ये एकटा दगडू उरतो. सभासदवार गट करून हॅविंग सम(लिटर) >= १० लावलं तर शांताबाई, दगडू आणि रुक्मिणी असे तिघे येतात. व्हेअर गट पाडण्याआधी रो गाळतं, हॅविंग गट झाल्यावर गट गाळतं.

ग्रुप बायमध्ये नसलेला कॉलम सिलेक्टमध्ये लिहिला तर काय होतं, हेही विचारावं. पोस्टग्रेस एरर देतो. गट प्रायमरी कीवर असेल तर त्याच टेबलाचे बाकीचे कॉलम मात्र चालतात. मायएसक्यूएलमध्ये ५.७ पासून मुळातली मांडणी कडक झाली, त्याआधीच्या आवृत्त्या कुठलीतरी एक किंमत उचलून द्यायच्या. एसक्यूलाइट आजही तसं करतो. म्हणून एसक्यूलाइटवर सराव केलेल्यांना ही चूक चूक आहे हेच उमगलेलं नसतं.

केंद्राची सरासरी फॅट काढा, यात अवघड काय?

यात अवघड काही नाही, पण तीन उत्तरं येतात आणि तिन्ही क्वेरी विनातक्रार चालतात.

ॲव्हरेज(फॅट) घेतलं तर २९ भागिले ६, म्हणजे ४.८३. पण ४ लिटर दुधाची फॅट आणि १० लिटरची फॅट सारखी तोलली, हे डेअरीच्या हिशोबात चालत नाही. लिटरने भारित सरासरी काढायला हवी: सम(लिटर × फॅट) भागिले सम(लिटर). वरची बेरीज १७४, खालची ४८, उत्तर ३.६३. हेही चूकच, कारण दगडूचे न तपासलेले १० लिटर खाली मोजले गेले आणि वर नाही. 'व्हेअर फॅट इज नॉट नल' घातल्यावर १७४ भागिले ३८ होतं, म्हणजे ४.५८.

३.६३ लिहिणाऱ्याला अर्धे गुण जरूर द्या. त्याला भारित सरासरी सुचली आहे. फॅट कॉलमकडे नीट पाहिलं असतं तर तो ४.५८ वर पोहोचला असता.

भागाकाराचा आणखी एक खड्डा आहे. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट ७/२ चे ३ देतात. मायएसक्यूएल आणि ओरॅकल ३.५ देतात. पैशांसाठी फ्लोट न वापरता डेसिमल वापरावं, हेही इथेच विचारून घ्यावं.

'दुसऱ्या क्रमांकाचा आकडा काढा' हा प्रश्न जुना झाला का?

प्रश्न जुना आहे, पण बरोबरी असलेल्या डेटावर अजून कामाचा. लिटर उतरत्या क्रमाने: १०, १०, ८, ६, ५, ५, ४. एक रो सोडून पुढचा घेतला तर १० येतात, अपेक्षित असतात ८. विंडो फंक्शन शिकवलेली असतील तर क्रमांक २ शोधायला सांगा. रो नंबर १० लिटर देतं, रँक काहीच देत नाही कारण क्रम १, १, ३ असा जातो, आणि डेन्स रँक ८ देतं. प्रश्नपत्रिकेत बरोबरीचं काय करायचं ते स्पष्ट लिहिलेलं असावं, नाहीतर उमेदवाराने वाद घातला तर तो बरोबरच असेल.

की आणि नॉर्मलायझेशन व्याख्येशिवाय कसं तपासावं?

विचारा: संकलनाची प्रायमरी की कोणती? सभासद, तारीख आणि सत्र, असं तिघांचं मिळून उत्तर येतं. मग पुढचा प्रश्न: रुक्मिणीने गाय घेतली आणि ती सकाळी गाईचं व म्हशीचं दूध वेगळं आणू लागली, तर? दुसरी नोंद की नाकारेल. दूधप्रकार हा कॉलम वाढवून तो कीमध्ये घ्यावा लागेल. की ही व्यवहाराच्या नियमातून येते. आज डेटात सगळ्या किमती वेगळ्या दिसतात म्हणून एखादा कॉलम की ठरत नाही.

फॉरिन कीसाठी (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणारा कॉलम): सभासद क्रमांक ९ ची नोंद संकलनात घाला, काय होईल? नाकारली जाईल, हे उत्तर. एसक्यूलाइटमध्ये मात्र फॉरिन कीची तपासणी मुळात बंद असते, आणि प्रत्येक जोडणीच्या वेळी प्राग्मा ही आज्ञा देऊन चालू करावी लागते. परीक्षेच्या संगणकावर हे विसरलं, तर बरोबर उत्तर लिहिणाऱ्याचा निकाल चुकीचा दिसतो.

नॉर्मलायझेशनसाठी (एकच माहिती अनेक जागी न साठवण्याची मांडणी) संकलनात 'गाव' हा कॉलम घालून दाखवा आणि विचारा, दगडूचं गाव बदललं तर किती रो बदलावे लागतील, आणि एक राहिला तर काय. पण दुसरी बाजूही विचारा: त्या दिवशीचा दर संकलनात लिहून ठेवणं ही द्विरुक्ती आहे का? नाही. दरपत्रक बदलतं, आणि दहा दिवसांचं बिल त्या त्या दिवशीच्या दरानेच निघालं पाहिजे. 'पुन्हा आलेलं सगळं वाईट' असं घोकलेला उमेदवार इथे अडतो.

अपडेट, डिलीट आणि ट्रान्झॅक्शन यांचं काय?

व्हेअर नसलेलं अपडेट दाखवा आणि विचारा, किती रो बदलतील. मग विचारा, आता मागे कसं यायचं? ट्रान्झॅक्शन (एकत्र कायम किंवा एकत्र रद्द होणारे बदल) आधी सुरू केलं असेल तरच रोलबॅक. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसच्या कमांड लाइनवर ऑटोकमिट (प्रत्येक बदल आपोआप कायम होणं) चालू असतो, ओरॅकलच्या एसक्यूएल प्लसमध्ये बंद. ट्रंकेट ओरॅकल आणि मायएसक्यूएलमध्ये लगेच कायम होतं, पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनच्या आत असेल तर परत फिरवता येतं.

चांगली सवय तपासायची तर पायऱ्या लिहायला सांगा: ट्रान्झॅक्शन सुरू करा, त्याच व्हेअरने सिलेक्ट काउंट चालवा, अपडेट करा, बदललेल्या रोंचा आकडा जुळतो का पाहा, मग कमिट.

पायाभूत चाचणीत इंडेक्स विचारावा का?

इंडेक्स म्हणजे शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेली क्रमवार सूची. त्यावर प्रश्न एखादाच विचारावा, तोही तोंडी. सात रोंच्या टेबलावर इंडेक्स असला तरी डेटाबेस बहुधा पूर्ण टेबलच वाचतो, त्यामुळे वेळ मोजण्यात अर्थ नाही. पोस्टग्रेसमध्ये जनरेट सिरीज वापरून काही लाख रो बनवता येतात, मग एक्स्प्लेन (क्वेरी कशी चालेल ते सांगणारी आज्ञा) दाखवा. विचारण्यासारखा प्रश्न: (सभासद, तारीख) असा जोड इंडेक्स आहे, तर फक्त तारखेवर शोधताना तो सहसा का उपयोगी पडत नाही? क्रम आधी सभासदचा लागलेला असतो, म्हणून एकाच तारखेचे रो सगळीकडे विखुरलेले असतात.

कोणता डेटाबेस वापरावा?

प्रात्यक्षिकासाठी एसक्यूलाइट सोयीचा: सर्व्हर नको, एक फाइल कॉपी केली की झालं. पण तो प्रकारांच्या बाबतीत सैल आहे, आकड्याच्या कॉलमात मजकूरही घेतो. शिस्त तपासायची असेल तर पोस्टग्रेस घ्यावा. कोणताही घ्या, प्रश्नपत्रिकेवर नाव आणि आवृत्ती छापा. मायएसक्यूएलमध्ये फुल आउटर जॉइन नाही. विंडो फंक्शन ८.० पासून, म्हणजे २०१८ पासून आली, आणि चेकची अट ८.०.१६ पासून खरोखर पाळली जाते. त्याआधी ती वाचून सोडून दिली जायची.

मराठी नावं असलेला डेटा दिला तर काय बिघडतं?

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. 'सखाराम' वाचायला चार अक्षरं, साठवताना मात्रांसह ६ चिन्हं, म्हणजे १८ बाइट. मायएसक्यूएलचं लेंग्थ १८ सांगतं, कॅरेक्टर लेंग्थ ६. ओरॅकलमध्ये व्हारचार२ ची लांबी मुळात बाइटमध्ये धरली जाते, म्हणून २० च्या कॉलमात सखाराम बसतो, पण २४ बाइटांची रुक्मिणी बसत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एनव्हारचार हवा आणि मजकुराच्या अवतरणाआधी एन लावायला हवा, नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात.

'कऱ्हाड' शोधताना वेगळाच त्रास होतो. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो: 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह घेऊन, किंवा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, बाइट वेगळे असतात आणि साध्या तुलनेत जुळत नाहीत. भरतानाच एक रूप ठरवून घ्यावं.

उत्तरं तपासायची कशी?

क्वेरी वाचून गुण देऊ नका, एकच उत्तर दहा प्रकारे लिहिता येतं. आदर्श क्वेरीचा निकाल आणि उमेदवाराचा निकाल यांच्यात एक्सेप्ट (पहिल्यात असलेले पण दुसऱ्यात नसलेले रो देणारं) दोन्ही दिशांनी चालवा. दोन्हीकडे शून्य रो आले पाहिजेत. एक्सेप्ट जास्तीच्या सारख्या रोंकडे दुर्लक्ष करतं, म्हणून दोन्हींची रोसंख्याही ताडून पाहा. ओरॅकलमध्ये एक्सेप्ट २१सी आवृत्तीपासून आहे, त्याआधी त्याच्या जागी मायनस. मायएसक्यूएलमध्ये एक्सेप्ट ८.०.३१ पासून आहे. क्रम मागितला असेल तर तो वेगळा तपासावा. ऑर्डर बाय नसेल तर कोणत्याही क्रमाने आलेलं उत्तर बरोबर धरावं लागतं.

आणि हे सगळं उमेदवाराला न दाखवलेल्या दुसऱ्या डेटावर चालवा. त्यात सखारामला दूध घालू द्या आणि दुसऱ्याच कोणाला रिकामं ठेवा. 'व्हेअर क्रमांक = ५' लिहून वेळ मारून नेलेली क्वेरी लगेच सापडते.

इतिहासाचे प्रश्न असावेत का?

कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं, चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये भाषेचा पहिला आराखडा प्रसिद्ध केला, १९८६ मध्ये अमेरिकी मानक झालं. एवढं वर्गात जरूर सांगावं, गुण देऊ नयेत.

एआयकडून क्वेरी लिहून घेतली तर?

घरी सोडवायला दिलेल्या चाचणीत ते गृहीतच धरा. समोर बसवून १० मिनिटं द्या आणि उलटा प्रश्न विचारा: 'तुमची ही क्वेरी चुकीचं उत्तर देईल असा एक रो डेटात घाला.' नॉट इन वापरणाऱ्याने नल असलेला रो घालून दाखवावा, दोन जॉइन करणाऱ्याने दुसरी उचल घालावी. क्वेरी भक्कम असेल तर कोणते रो घालून पाहिले आणि त्यांनी ती का बिघडली नाही, हे सांगावं. ही १० मिनिटं धरून एका तासाच्या चाचणीत निकाल ओळखायचे ६ प्रश्न, लिहायच्या ४ क्वेरी आणि दुरुस्त करायची १ क्वेरी नीट बसते. बसणाऱ्यांनी सरावही याच पद्धतीने करावा: आधी कागदावर रो मोजा, मग क्वेरी चालवा, आणि आकडा जुळला नाही तर कोणता रो जास्त आला किंवा कोणता गळला ते नाव घेऊन शोधा.